रबी-उल-अव्वलची अठ्ठावीस

नेरुळच्या त्या सोसायटीत चांदाची तारीख विचारायची असली की मुसलमान घरांतली माणसं मशिदीत जाण्याआधी दुसऱ्या मजल्यावर जात. तिथे करिमुन्निसाबाई राहत. कडी वाजली की आतूनच उत्तर येई, "आज सतरा." आलेला माणूस कशासाठी आलाय हे विचारायच्या भानगडीत त्या पडत नसत. एखादी शेजारीण विरजण मागायला आली असली तरी ती विरजण आणि तारीख दोन्ही घेऊन जाई.

ही विद्या त्यांना बापाकडून मिळाली होती. मुरूडच्या अलीकडे खाडीच्या काठी त्यांचं माहेर. बापाचं गलबत होतं, पण गावात त्याला खरा मान होता तो नजरेचा. महिन्याच्या एकोणतीसला सूर्य बुडायच्या वेळी तो धक्क्यावर उभा राही आणि निम्मं गाव त्याच्या पाठीमागे. त्याने बोट दाखवलं की चांद झाला. ढग असले, दिसला नाही, तर महिन्याचे तीस दिवस पुरे करायचे आणि घरी जायचं. दुसऱ्या बंदरात दिसला म्हणून कुणी सांगत आलं तरी तो म्हणे, त्यांनी पाहिला तो त्यांचा, आपण पाहू तो आपला. धाकटी करिमुन त्याच्या सदऱ्याचं टोक धरून शेजारी उभी असे. दहाव्या वर्षापासून तिलाच चांद आधी दिसू लागला, पण बापाची अब्रू राहावी म्हणून ती थोडी थांबून बोट दाखवी.

लग्न झालं ते कासिमभाईंशी. ते मुंबईच्या गोदीत माल मोजून नोंदवायचे. १९७८ साली ते जेद्दाला गेले, तिथल्या एका कंपनीच्या गोदामात. दोन वर्षांनी त्यांनी बायकोला आणि चार वर्षांच्या शादाबला नेलं. मासळीबाजारामागे दोन खोल्या होत्या. दुपारी दोनला कासिमभाई जेवायला घरी येत, भात खात, घटकाभर पडत आणि परत जात. एवढंच त्यांचं सुख होतं, आणि दोघांनाही ते पुरत होतं.

जेद्दात बापाची विद्या मात्र कामाची नव्हती. तिथे चांद सरकार जाहीर करी, आणि तो हिंदुस्थानच्या एक दिवस आधी येई. बाई नवऱ्याला चिडवत, "तुमचा हिकडचा चांद घायचा हाय." कासिमभाई भाकरी मोडत म्हणत, "सरकारी हाय तो. येलेवर येतो."

पण ज्या देशाचा चांद सरकारी, त्या देशात माणूस किती वर्षं राहिला याला काही किंमत नसते. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो मालकाच्या सहीने नवा व्हायचा, ठरावीक मुदतीचा. वीस वर्षं राहा, केस पांढरे करा, तिथल्या मातीत दोन मित्र पुरा, तरी तुम्ही पाहुणेच. बाईंचं आणि मुलाचं नाव कासिमभाईंच्या इकाम्यावर चढवलेलं. त्यांचा परवाना तो सगळ्यांचा परवाना. देशाबाहेर जायचं तर परतीचा शिक्का पासपोर्टात मारून घ्यायचा, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा, आणि ते महिने चांदाचे. शिक्क्यावरच्या तारखेच्या आत परत आलात तर घर तुमचं. नाही आलात तर नाव इकाम्यावरून गेलं.

१९९४ साली शादाब बारावी झाला आणि गाडं अडलं. परक्यांच्या मुलांना तिथे शाळा होती, कॉलेज नव्हतं. मग नेरुळला सिडकोच्या इमारतीत फ्लॅट घेतला. तो बाईंच्या नावावर केला, कारण सह्या करायला कासिमभाई येणार कुठून. बेलापूरकडच्या एका कॉलेजात शादाबला इंजिनीअरिंगला घातलं आणि त्याला दोन वेळचं करून घालायला बाई नेरुळला आल्या. सहा महिने पुरे व्हायच्या आत जेद्दाला जायचं, महिना-दीड महिना राहायचं, नवा शिक्का घ्यायचा, परत यायचं. चार वर्षं असं चाललं. इकडे आल्या की नवरा काय खात असेल याचा घोर, तिकडे गेल्या की मुलगा काय खात असेल याचा. जिथे असतील तिथे त्या अर्ध्याच असत.

नेरुळचे दिवस लांबलचक होते. शादाब सकाळी जाई तो दिवेलागणीला येई, जेवे आणि मित्राकडे अभ्यासाला जाई. बाईंनी दिवसभरात बोललेली वाक्यं मोजली असती तर बोटं उरली असती. म्हणून तर कडी वाजली की त्या तारीख सांगायला एवढ्या उतावीळ असत. शुक्रवारी दुपारी जेद्दाहून फोन येई. तीन मिनिटांत नवरा-बायको एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत आणि उरलेल्या वेळात नुसते श्वास ऐकत.

समोरच्या दारात विजयमाला राहायची. साताऱ्याकडची, नवरा हौसेराव तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. ती संकष्टीला गच्चीवर चंद्राची वाट बघत बसे, खारघरच्या डोंगरामागून तो वर येईपर्यंत. बाई एकोणतीसला गच्चीवर जात, खाडीच्या बाजूला तोंड करून. एकीला चंद्र उगवताना हवा, दुसरीला मावळताना. या दोघींची मैत्री गच्चीवरच झाली. विजयमालाच्या उपासाला बाई सोबत बसत आणि बाईंच्या एकोणतीसला विजयमाला. तिला चांद कधीच आधी दिसला नाही, पण ती हिरिरीने बघायची.

१९९८च्या जानेवारीतल्या रमजानात, ईदेला दोन दिवस असताना बाई जेद्दाहून निघाल्या. मुलगा इथे एकटा ईद करील हे त्यांना बघवेना. कासिमभाईंनी तिकडे एकट्याने ईद केली. परतीच्या शिक्क्यावर तारीख होती रबी-उल-अव्वलची अठ्ठावीस. इंग्रजी जुलै उतरता. तोवर शादाबची शेवटची परीक्षा संपणार होती. कासिमभाईंनी फोनवर सांगितलं होतं, परीक्षा झाली की ये आता, पोरगा मोठा झाला, आता दोघं एका घरात राहू. बाईंच्या मनात दुसरं काही नव्हतंच. बॅगेच्या तळाशी त्यांनी फेब्रुवारीतच सुके बोंबील कागदात बांधून ठेवले होते.

परीक्षा झाली आणि शादाबला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. दोन वर्षांचं शिक्षण, ऑगस्टात हजर व्हायचं. विद्यार्थ्याचा व्हिसा मिळायला हवा होता. जूनच्या अखेरीला तो अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीला गेला आणि तासाभरात पासपोर्टावर नकार घेऊन बाहेर आला. खिडकीमागच्या बाईने विचारलं होतं, तू शिकून परत येशील हे कशावरून? वडील कुठे? सौदीत. आई? तिचाही परवाना सौदीचा. मग हिंदुस्थानात तुझं कोण आहे, असं म्हणून तिने नकाराचा शिक्का मारला.

घरी येऊन तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. मग उठून दुसरी तारीख घेऊन आला. ती होती बावीस दिवसांनंतरची.

"अम्मी, तू तेवा हितंच र्‍हा," तो म्हणाला. "घरी फोन करून बघतात म्हणं. आई फोनवर पायजे."

असा फोन करतात की नाही कुणाला ठाऊक, पण सोसायटीतल्या सगळ्या हुशार मुलांचं म्हणणं होतं की करतात. बाईंनी बोटांवर मोजलं. तारीख जमत होती, पण अगदी काठावर. शुक्रवारी कासिमभाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी नकाराचं सांगितलं, दुसऱ्या तारखेचं सांगितलं, पण ती किती जवळ येऊन टेकते ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, शिक्क्याचे दिवस बघितलेस ना?

"हायत अजून," बाई म्हणाल्या. "चांदाचं माज्यावर सोडा."

एवढ्या वर्षांच्या संसारात या बाबतीत बायको कधी चुकली नव्हती. कासिमभाईंनी सोडलं.

आता बाईंचा हिशेब बघा, कारण त्यात तसं बघितलं तर खोट काढायला जागा नव्हती. तिकडचा चांद घाईचा, एक दिवस पुढे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? म्हणून शिक्क्यावरची अठ्ठावीस म्हणजे आपली सत्तावीस, असा एक दिवस त्यांनी आधीच बाजूला काढला. मुलाखत आपल्या सव्वीसला. सत्तावीसच्या सकाळचं विमान. त्या त्याच दिवशी जेद्दात, तारखेच्या आत. दिवस मोजायला त्या रबी-उल-अव्वलच्या आधीच्या सफर महिन्याच्या एकोणतीसला नेहमीप्रमाणे गच्चीवर गेल्या होत्या. विजयमालाही होती. जूनचे ढग खाडीवर इतके खाली आले होते की वाशीची बाजू दिसत नव्हती. चांद दिसायचा प्रश्नच नव्हता. दोघी काळोख होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि खाली आल्या. दिसला नाही, तर तीस पुरे करायचे. मशिदीतही तेच ठरलं. बापाने शिकवलं तसंच बाईंनी केलं आणि रबी-उल-अव्वल एक दिवस उशिरा धरला.

जेद्दात मात्र कुणी ढगांकडे बघत बसलं नव्हतं. तिथे सफर एकोणतीस दिवसांतच संपला होता, आणि नेहमीचं एक दिवसाचं अंतर या महिन्यात दोन दिवसांचं झालं होतं.

मुलाखतीच्या दिवशी बाई सकाळपासून फोनशेजारी स्टूल घेऊन बसल्या. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. इंग्रजीत विचारलं तर काय म्हणायचं तेही शादाबने लिहून ठेवलं होतं. नळाला पाणी आलं तरी त्या उठल्या नाहीत, विजयमालाने येऊन त्यांची पिंपं भरली. दुपारी फोन वाजला तो शादाबचाच. व्हिसा मिळाला होता. कुणीही घरी फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने त्यांचा पासपोर्ट उलटापालटा केला. अरबी शिक्का त्याला वाचता येईना. बाईंनीच तो वाचून दाखवला, तारखेखाली बोट ठेवून. त्याने मान हलवली आणि बोर्डिंगचा कागद दिला.

जेद्दाला पासपोर्ट बघणारा पोरगा पंचविशीचा असेल. त्याने शिक्का वाचला, पुन्हा वाचला, आणि मग काचेतून मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे कॅलेंडर होतं. त्यावर रबी-उल-अव्वलची एकोणतीस होती. बाईंनी मोडक्या अरबीत सांगायचा प्रयत्न केला की ढग होते, आमच्याकडे दिसला नाही, तीस पुरे करावे लागतात. तो पोरगा ऐकत होता. "आई, मला कळतंय," असंच काहीसं तो म्हणाला, पण शिक्का त्याच्या हातात नव्हता. तो उद्धट असता तर बरं झालं असतं, बाईंना निदान भांडता आलं असतं.

त्यांना एका बाकावर बसवलं. आलेलंच विमान चार तासांनी परत जाणार होतं, त्याने त्यांना पाठवायचं ठरलं. बाहेर, दोन भिंतींच्या पलीकडे, कासिमभाई उभे होते. ते दर वेळी दोन तास आधी येऊन उभे राहत. भेटायला परवानगी मिळाली नाही. सहा महिन्यांनी असो की सहा दिवसांनी, एवढ्या जवळ येऊन माणूस दिसू नये ही गोष्ट बाईंना शेवटपर्यंत खरी वाटली नाही. त्या दाराकडे बघत राहिल्या.

फरशी पुसणारा एक बंगाली माणूस दोनदा समोरून गेला. तिसऱ्यांदा बाईंनी त्याला हाक मारली. हातातल्या पिशवीत डबा होता, त्यात पहाटे उठून केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी. त्यांनी नवऱ्याचं वर्णन केलं: पांढरी टोपी, डावा खांदा उतरता. तो माणूस डबा घेऊन गेला. पाऊण तासाने परत आला. डबा रिकामा होता आणि धुतलेला होता. खरकटा डबा परत आणायचा नाही, यावरून बाईंनी गोदीच्या दिवसांपासून नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. बाहेर कुठल्या तरी नळावर कासिमभाईंनी तो विसळून पाठवला होता. झाकणाच्या आत अजून पाणी होतं. बाई तो डबा मांडीवर घेऊन रडल्या, आणि तेवढ्यात विमानाची वेळ झाली.

नेरुळला दार शादाबने उघडलं. बॅग बघून त्याला सगळं कळलं. कितीतरी वेळ तो पाणी द्यायचंही विसरला. मग म्हणाला, खिडकीमागच्या माणसाने या वेळी विचारलं की इथे तुझं कोण आहे, तेव्हा मी सांगितलं, आई नेरुळलाच असते, कायमची. फ्लॅटचे कागद दाखवले. खोटं बोललो.

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "खोटं र्‍हायलं नाय ता आता."

नवा अर्ज करता आला असता, असं कुणालाही वाटेल. कासिमभाईंनी खेटे घातले. पण बायकोला नेता यायचं ते कुठल्या हुद्द्याच्या माणसाला, याचे नियम मधल्या काळात कडक झाले होते, आणि कासिमभाईंच्या इकाम्यावर हुद्दा लिहिला होता हमाल. गोदाम सगळं त्यांच्या हाताखाली होतं, पण वीस वर्षांपूर्वी कंपनीकडे हमालाचाच परवाना शिल्लक होता, तेवढ्यावर त्यांना आणलं होतं. हमालाला कुटुंब आणायची सोय नव्हती. नोकरी सोडून यावं तर शादाबचं शिक्षण अर्ध्यावर. दोन वर्षं, असं त्यांनी फोनवर सांगितलं. दोन वर्षांत पोराचं होईल, मग येतो.

बाईंनी ही हुद्द्याची गोष्ट विजयमालाला सांगितली. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतली.

"आमचं बी हमालच हायती की भाभी," ती म्हणाली. "पर जेवाय घरला येत्यात."

तिला काही लागट बोलायचं नव्हतं. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं आणि तिने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

ऑगस्टात शादाब गेला. जाताना म्हणाला, सुट्टीत येईन. डिसेंबरात म्हणाला की पुन्हा बाहेर पडलो तर आत येताना परत मुलाखत द्यावी लागायची, मुलं म्हणतात शिक्षण होईपर्यंत हलू नये. बाईंनी त्याला हलू नकोस म्हणून सांगितलं. परतीच्या शिक्क्याचं काय असतं हे त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मुलगा परत येईल याचा पुरावा म्हणून ज्या बाईचं नाव कागदावर लागलं होतं, ती बाई आता दोन खोल्यांत एकटी राहत होती. भात एक वाटीचा शिजे आणि तोही उरे. संध्याकाळी पंखा बंद केला की घर इतकं गप्प होई की त्या पुन्हा पंखा लावत, जानेवारीतसुद्धा.

त्यांनी कॅलेंडरवर दोन तारखा लिहायला सुरुवात केली होती. वर आपली, खाली जेद्दाची. दर शुक्रवारी फोनवर पहिला प्रश्न तोच असे, तुमची आज कितवी? कासिमभाई सांगत, त्या लिहून घेत. आता त्याचा उपयोग काहीच नव्हता. कडी वाजली तरी त्या हल्ली आतून तारीख सांगत नसत. दार उघडत, कोण आहे बघत, आणि मशिदीत विचारा म्हणत.

पुढचा रमजान बाईंनी एकटीने धरला. एकोणतिसाव्या रोज्याच्या दिवशी दुपारी, शुक्रवार नसताना फोन वाजला. जेद्दात ईद होती.

"मुबारक," बाई म्हणाल्या. घसा कोरडा होता. "नमाज झाली?"

झाली, कासिमभाई म्हणाले. बाई येईनाशा झाल्यावर भाडं वाटायला घरात घेतलेले चौघे मित्रांकडे जेवायला गेले होते.

"शीरखुर्मा केलात?"

"नाय."

बाईंना राग आला. ईदेच्या दिवशी घरात गोड नाही म्हणजे काय. दूध नव्हतं का, शेवया कपाटात वरच्या फळीवर असतील, खारका कुठे ठेवल्यात ते त्यांनी इथून सांगितलं. कासिमभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"शेवया गावल्या मला," ते म्हणाले. "उद्या करतो."

"उद्या कशाला? उद्या कामावर जाशाल तुमी. उद्या तुमची ईद नाय."

पलीकडे कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला.

"तुझी हाय ना," कासिमभाई म्हणाले. "ईदेच्या दिवशी रोजा धरता येत नाय, नायतर आजचा धरला असता. गोड तेवढं ठेवलंय. तू चांद बघून सांग मला. ह्या साली मी तुझा चांद धरलाय."

तीन मिनिटं संपली आणि फोन आपोआप तुटला.

संध्याकाळी त्या गच्चीवर गेल्या. कित्येक महिन्यांत गेल्या नव्हत्या. विजयमाला हाताचं पीठ न धुता मागोमाग आली. आकाश स्वच्छ होतं. खाडीवर सूर्य बुडाला, पाणी तांबडं झालं, मग राखाडी. विजयमाला डोळे ताणून बघत होती. बाईंना तो केव्हाच दिसला होता, नखाएवढा, वाशीच्या बाजूला. पण त्या थांबल्या.

"भाभी, त्यो बगा," विजयमाला म्हणाली. तिचं पिठाचं बोट बरोबर त्या जागी होतं.

"व्हय," बाई म्हणाल्या. "त्योच."

मग, घरच्या फोनवरून परदेश लागत नसे म्हणून, त्या जिने उतरून कोपऱ्यावरच्या बूथवर गेल्या, जेद्दाचा नंबर लावला, आणि नवऱ्याला सांगितलं की दूध आत्ताच आणून ठेवा, सकाळी दुकान उघडायच्या आत तुमची गाडी येते.